वर उघडा तो चार

बाई गेल्याचं मला चौथ्या दिवशी कळलं, आणि तेही शिंप्याकडे. त्या रविवारी मला ताप होता म्हणून मी त्यांच्याकडे गेले नव्हते. गुरुवारी बरं वाटलं तेव्हा सैल करायला टाकलेला ब्लाउज आणायला सदाशिव पेठेत गेले. हा शिंपी आमच्या कॉलेजच्या मुलींच्या जर्सीवर नंबर शिवून द्यायचा, त्यामुळे जुनी ओळख. ब्लाउज कागदात गुंडाळता गुंडाळता तो म्हणाला, "तुमच्या निमकर मॅडमचं समजलं. वाईट झालं." मी म्हटलं, "काय झालं त्यांना?" तर चष्म्याच्या वरून बघत म्हणाला, "दर रविवारी तुम्ही त्यांच्याकडे, आणि विचारताय मला?" मग त्याच्या लक्षात आलं असावं. त्यानं मशीनजवळचं स्टूल पायानं माझ्याकडे सरकवलं. इतक्या वर्षांत त्यानं कोणा गिऱ्हाइकाला बसायला सांगितलेलं मी पाहिलेलं नाही. मी बसले. तो पुन्हा मशीन चालवायला लागला, आणि त्याचंच बरं वाटलं.

शैला निमकर आमच्या मुलींच्या कॉलेजात सव्वीस वर्षं बास्केटबॉल शिकवत होत्या. मुली त्यांना मॅडम म्हणायच्या, मी बाई म्हणायची. आमच्या गावाकडे, वाशीमच्या पलीकडे, शाळेत शिकवणारीला बाईच म्हणत. मी चौथीनंतर शाळा सोडली तेव्हा तो एक शब्द माझ्याबरोबर आला. लग्न होऊन पुण्यात आले, मालक कारखान्यात लागले, वारज्याला खोली घेतली आणि मी या कॉलेजच्या जिमखान्यात सेविका म्हणून लागले. झाडायचं, माठ भरायचा, बॉलमध्ये हवा भरायची, खोलीची किल्ली सांभाळायची. मला कोणाशी बोलायला जमत नसे. पहिले सहा महिने मी बाईंशीसुद्धा मान हलवूनच बोलले. एकदा त्यांनी बॉलची पिशवी मागितली आणि माझ्या तोंडून 'का'ऐवजी गावाकडचं "काहून?" निघून गेलं. बाई थांबल्या. म्हणाल्या, "बोलतेस की तू. मला वाटलं, कॉलेजनं मुकी बाई नेमली." त्या दिवसापासून त्या मला इंदू म्हणायला लागल्या आणि पोरी काहीही मागितलं की आधी "काहून" म्हणायला लागल्या.

महिन्याभरानं कॉलेजच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. जुन्या मुली आल्या होत्या, आता मुली कसल्या, कोणाचे केस पांढरे, कोणी चष्मेवाली. एकीनं सांगितलं की पेपरच्या पुरवणीत मॅडमवर आठवणी छापणार आहेत, मावशी, तुम्हीपण लिहा. मी नाही म्हटलं. पण घरी येऊन वही काढली. बाई अंथरुणाला खिळल्यावर दर रविवारी मी त्यांना पुरवणी वाचून दाखवायची. अडखळले की त्या डोळे मिटूनच शब्द दुरुस्त करायच्या, आणि दुपारी चार ओळी लिहायला लावायच्या. त्यामुळे आता लिहिता येतं. तरी हे छापायला द्यायचं नाही. सभेत सगळ्या चांगलं बोलल्या, मात्र मागच्या रांगेत दोघी हळू आवाजात म्हणत होत्या, "मॅडम ग्रेटच गं, पण वैशालीच्या बाबतीत पार्शालिटी केली त्यांनी." मी त्यांच्या पुढच्याच खुर्चीवर बसले होते. मागं वळून बोलायला पाहिजे होतं. नाही बोलले...

त्या गोष्टीआधी बाईंचं काम कसं होतं ते सांगायला हवं. कॉलेजच्या मागे सिमेंटचं एक कोर्ट होतं. सकाळी सहाला सराव, पण आदल्या दिवशीच्या स्कूटर कोणी ना कोणी तिथेच सोडून गेलेलं असायचं. बाई आणि मी मिळून त्या बाजूला ओढायचो. त्यात पाव तास जायचा. मग एखाद्या महिन्यात कोर्टावर मांडव पडायचा, कधी परीक्षेची बाकं रचून ठेवायचे, कधी गॅदरिंगचं स्टेज. बाई ऑफिसात जाऊन यायच्या. काय झालं विचारलं तर म्हणायच्या, "पुढच्या आठवड्यात उचलतो म्हणाले. कुठल्या वर्षातला आठवडा ते नाही बोलले." दर जूनला त्यांना नवीन नेमणुकीचं पत्र घ्यावं लागे, कारण त्या शेवटपर्यंत कायम झाल्या नाहीत. दर जूनला मुलीही नवीन. बॉल हातात घेतला की छातीशी कवटाळून उभ्या. बाई ओरडत नसत. जवळ जाऊन सांगायच्या, "अगं, बॉल आहे तो. बाळ नाही. सोड त्याला." एखादी हळू धावली तर, "तुझं चालू दे, आम्ही तोवर चहा घेऊन येतो." तीन वर्षं घासून पोरगी तयार व्हायची आणि तिसऱ्या वर्षी तिचं लग्न ठरायचं, नाही तर घरचे म्हणायचे आता अभ्यास कर. बाई पेढा घ्यायच्या, आशीर्वाद द्यायच्या. मग जिमखान्याच्या पायरीवर बसून एका पायातला बूट काढायच्या. एकाच पायातला. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "दुसरा काढला तर मी परत उठणार नाही, इंदू."

मी सामन्यांना जायला लागले ते त्यांच्यामुळे. सामन्यात कोणाचे किती फाउल झाले हे लक्षात ठेवावं लागतं. पाच झाले की मुलगी बाहेर, सामना संपेपर्यंत पुन्हा आत नाही. म्हणून चार फाउल झालेल्या मुलीला थोडा वेळ बसवून ठेवतात आणि शेवटच्या मिनिटांसाठी वाचवतात. बाकावरच्या मुलींना लिहायला दिलं तर त्या खेळ बघून किंचाळत बसायच्या आणि वहीत अर्धे फाउल यायचेच नाहीत. एक दिवस बाईंनी पॅड माझ्या मांडीवर ठेवलं. म्हणाल्या, "तू ओरडत नाहीस. तू लिही. शिट्टी वाजली आणि रेफ्रीनं आपल्या मुलीकडे हात केला की तिच्या पाठीवरचा नंबर लिहायचा. एवढंच."

जर्सीवरचे आकडे इंग्रजी. मला ते वाचता यायचे, बसचे नंबर वाचून वाचून. लिहायलाही जमले. फक्त इंग्रजी चार काही जमेना, तो काढताना पेन्सिल दोनदा उचलावी लागते आणि तोवर दुसरी शिट्टी व्हायची. हात आपोआप मराठी चार काढायचा. पहिल्यांदा बाईंनी पॅड बघितलं आणि विचारलं, "हा आठ का गं?" मी म्हटलं, "चार." त्या हसल्या. "असू दे. वर उघडा तो चार, वर मिटलेला तो आठ. मी लक्षात ठेवीन." आमच्या दोघींची ती खूण झाली. चार-पाच वर्षं त्यात कधी चूक झाली नाही. मला तर त्याचा अभिमान वाटायचा, की मोठ्या स्पर्धेत बाकावर सगळ्या शिकलेल्या बसल्यात आणि हिशेब माझ्याकडे आहे.

वैशाली आमच्या वारज्याचीच. जुन्या गावठाणातली, शेतकऱ्याची. तेव्हा त्यांची अर्धी शेतं बिल्डरकडे गेली होती आणि अर्ध्यात अजून कांदा होता. उंच, हाडापेरानं मजबूत, कमी बोलणारी. माझ्याशी मात्र बसमध्ये थोडं बोलायची. बाई तिला आठ नंबर देऊन म्हणाल्या होत्या, "ही पोरगी पाहून मला परत दुसराही बूट घालावासा वाटतो." दुसऱ्या वर्षाला तिच्या वडिलांनी खेळ बंद करायचं ठरवलं, तेव्हा बाई मला घेऊन त्यांच्या घरी गेल्या. वडील ओट्यावर बसले होते. म्हणाले, "मॅडम, तुमचं खरं हाय. पर पोरीनं चड्डी घालून चारचौघांत उड्या मारायच्या, ही काय आमची रीत न्हाय."

बाई म्हणाल्या, "अहो, तुमच्या रानात बायका गुडघ्यापर्यंत लुगडं खोचून कामं करतात. तिथं चारचौघं नसतात का?"

ते हसले. त्यांना बाई आवडल्या असाव्यात. चहा झाल्यावर म्हणाले, "बरं. एक करू. हिची विद्यापीठाच्या टीममदी निवड झाली, तर मी काय बोलणार न्हाय, शिकू द्या, खेळू द्या, पार दिल्लीला न्या. न्हाय झाली, तर उन्हाळ्यात बार उडवून टाकायचा. पाव्हणं बघून ठेवल्यात." वैशाली दारात उभी होती. बाईंनी तिच्याकडे बघितलं, तिनं मान हलवली. परत येताना बसमध्ये बाई म्हणाल्या, "मी असले सौदे करत नाही, इंदू. पण दुसरं काही द्यायला नव्हतं माझ्याकडे."

त्या वर्षी आमचा संघ आंतरकॉलेज स्पर्धेच्या अंतिम सामन्यात गेला. विद्यापीठाची निवड तिथेच व्हायची. निवड करणाऱ्या तिघीजणी टेबलामागे बसल्या होत्या आणि सामना संपल्यावर लगेच यादी लावणार होत्या. टेबलावरून फाउलच्या पाट्या दाखवतात, पण पाहुण्यांचे सोफे अगदी टेबलासमोर मांडले होते. आमच्या बाकावरून पाट्या दिसायच्या नाहीत, पाहुण्यांची डोकी दिसायची. बाईंनी सोफे हलवायला सांगितलं, तर आयोजकांतला एकजण म्हणाला, "मॅडम, मान्यवर तिथंच बसतात." म्हणून सगळा भरवसा माझ्या पॅडवर.

शेवटच्या डावात सहा मिनिटं राहिली होती आणि आम्ही पाच गुणांनी पुढे होतो. वैशाली त्या दिवशी काय खेळली... मला खेळातलं फार कळत नाही, पण समोरच्या मुली तिच्याकडे बॉल गेला की एकमेकींकडे बघायच्या. चार नंबरला आमची कप्तान अमृता होती, इथली, शनिवार पेठेतली. तीही चांगली, पण तापट, सारखी अंगावर जायची. तिचे फाउल वाढत होते. शिट्ट्या भराभर वाजत होत्या आणि मी लिहीत होते. बाईंनी माझ्या मांडीवरून पॅड ओढलं, लांब धरून पाहिलं. मग हात वर करून बदली मागितली. "आठ बाहेर."

वैशाली धावत बाकाजवळ आली. धापा टाकत म्हणाली, "मॅडम, मला का? माझे दोनच आहेत."

"प्रत्येकीला आपले दोनच वाटतात. चार झालेत. बस."

"नाही मॅडम, खरंच दोनच."

"वैशाली, बस म्हटलं ना."

ती बसली. माझ्या शेजारीच.

आता जे लिहिते आहे ते मी बाईंनाही कधी सांगितलं नाही. चूक कुठे झाली ते मला त्याच क्षणी समजलं. वैशालीचे दोनच होते. चार अमृताचे होते, घाईत माझ्या दोन चारांची तोंडं वर मिटली गेली होती. बाईंच्या हातातलं पॅड मला दिसत होतं. मला एवढंच म्हणायचं होतं की बाई, ते चार आहेत. चार शब्द. पण बाकावर क्रीडा विभागाचे सर बसले होते, शेजारी प्राचार्य येऊन उभे होते. मला वाटलं, आता बोलले तर सगळे माझ्याकडे बघतील. मग वाटलं, बाई दोन मिनिटांत तिला परत आत घेतीलच. मग आणखी एक मिनिट गेलं, आणि जितका वेळ गेला तितकं बोलणं अवघड झालं. वैशाली टॉवेलनं तोंड पुसत होती. तिचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागत होता.

मिनिटभर राहिलं असताना अमृताचा पाचवा फाउल झाला. टेबलावर हिशेब ठेवणारीनं उभं राहून पाच बोटं दाखवली. बाईंनी एकदा टेबलाकडे बघितलं, एकदा पॅडकडे. मग वैशालीला उठवून आत पाठवलं. पाच मिनिटं बसून तिचं अंग गार पडलं होतं. तिला शेवटी एक संधी मिळाली, बॉल रिंगवर फिरला आणि बाहेर पडला. एका गुणानं हरलो. यादी लागली तिच्यात अमृता होती. वैशाली नव्हती.

जिमखान्याच्या खोलीत आल्यावर बाईंनी दार लोटलं आणि पॅड माझ्यासमोर धरलं. "हा चार की आठ?"

"चार."

"वर मिटलाय."

मी रडायला लागले. बाईंनी पॅड खाली घेतलं. मग म्हणाल्या, "हे कोणाला सांगायचं नाही. तुझे कायम व्हायचे कागद कमिटीपुढे आहेत. जिमखान्याची बाई फाउल लिहीत होती आणि त्यानं फायनल गेली, हे कळलं तर तुला ठेवणार नाहीत. मी काढलं, माझा निर्णय होता. बस." त्यांनी ते पान फाडलं, घडी घालून पर्समध्ये टाकलं. त्यांना वाटत होतं की माझी चूक पेन्सिलची आहे. मी तसंच वाटू दिलं.

दुसऱ्या दिवशी वैशाली आली. तिनं टेबलावरचा अधिकृत कागद पाहिला होता, त्यात तिचे दोनच फाउल होते. दारात उभी राहून म्हणाली, "मॅडम, मला का काढलं?" बाई म्हणाल्या, "मला योग्य वाटलं म्हणून." ती म्हणाली, "अमृतासाठी?" बाई वाकून बुटाची नाडी बांधायला लागल्या. मी आत बॉल पुसत होते. मी तो एकच बॉल पुसत राहिले.

बाई पुन्हा तिच्या घरी गेल्या, एक वर्ष मागायला. मी बरोबर होते. वडिलांनी या वेळी ओट्यावर बसा म्हटलं नाही. म्हणाले, "तुम्हीच बसवली ना मॅडम माझ्या पोरीला? शहरातली ठेवली, गावातली उठवली. आमाला दिसलं. आता कशाला आलाय?" बाईंनी नुसती मान खाली घातली. मी त्यांच्या मागे उभी होते. चार माणसं होती तिथं, प्राचार्य नव्हते, सर नव्हते. तरी नाही बोलले. मे महिन्यात वैशालीचं लग्न झालं, गावातल्याच एका घरात. आम्ही दोघी अक्षता टाकून आलो. तिनं बाईंना नमस्कार केला नाही. पाटीलकीच्या घरातलं लग्न, हजार माणसं, कोणाच्या लक्षातही आलं नाही. बाईंच्या आणि माझ्या आलं.

मी त्या वर्षाअखेर कायम झाले. बाई त्यानंतर अकरा वर्षं शिकवत राहिल्या, पण 'पार्शालिटी' हा शब्द त्यांच्यामागे लागला. गावठाणातल्या मुली कमी यायला लागल्या. कोणी पालक भांडायला आले की तेच काढायचे. बाई ऐकून घ्यायच्या. एकदा मी म्हटलं, "बाई, खरं सांगून टाका आता. मी कायम आहे." त्या म्हणाल्या, "आता सांगितलं तर सबब वाटेल. आणि चूक माझीच होती, इंदू. जवळचं दिसत नव्हतं मला. चष्मा करायचा म्हणून वर्षभर टाळत होते. लांब धरून पाहिलं ना मी पॅड?" म्हणजे त्यांनी ती चूक पूर्ण आपल्या अंगावर घेतली होती, चष्म्यासकट. तेव्हाही माझं खरं माझ्या तोंडाशी आलं होतं... पुढे गुडघे गेले, कोर्टावर नवीन कोर्सची इमारत आली, जिमखाना तळघरात गेला. बाईंना निरोपाला नारळ आणि शाल दिली. मग पाच-सहा वर्षं त्या घरातच होत्या. मी गेले त्या शेवटच्या रविवारी त्यांच्या गुडघ्यांना तेल लावत होते. त्या म्हणाल्या, "त्या पोरीला एकदा भेटायचं होतं." मी म्हटलं, "बोलावू का?" म्हणाल्या, "नको. कशाला तिला त्रास." मग डोळे मिटून म्हणाल्या, "वाच पुढचं." मी वाचलं.

वैशाली आणि मी एकाच गावात राहतो. सतरा वर्षं मी तिला मंडईत बघून गल्ली बदलली आहे. ती दिसली की मी एखाद्या गाडीवर वाकून दोडकी निवडत बसते. शोकसभेत ते शब्द ऐकल्यावर मी चार दिवस जेवले नाही. पाचव्या दिवशी सकाळी तिच्या सासरच्या घरी गेले. आता तिथं चार मजली इमारत आहे, खाली गाळे. ती वरच्या मजल्यावर ज्वारी निवडत बसली होती. मला पाहून उठली. "मावशी? या की. किती वर्षांनी. कुठं असता?"

मी म्हटलं, "इथंच असते." आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. बसले असते तर बोलले नसते. चाराचं, आठाचं, पॅडचं, बाईंनी पान फाडलं ते. मग जे बाईंनाही माहीत नव्हतं ते. "तू बसलीस तेव्हा मला माहीत होतं. मी बोलले नाही."

तिच्या हातात ज्वारीची मूठ होती. ती तशीच राहिली. वैशाली म्हणाली, "मी म्हटलं होतं दोनच आहेत."

"हो."

"तुम्ही ऐकलं होतं?"

"हो. तुझ्या शेजारीच होते."

ती खिडकीशी गेली. तिथून समोर फक्त दुसऱ्या इमारतीची भिंत दिसते. पाठ करूनच बोलत राहिली. "अण्णा मरेपर्यंत म्हणत होते, शहरातल्या बाईनं तुला फसवलं. मीपण म्हणायची. पण मनात वाटायचं, नाही, मॅडमना माझ्यात काहीतरी कमी दिसलं असणार. त्यांना दिसायचंच ना सगळं. शेवटचा बॉलपण गेला नाही. म्हणजे बरोबरच होतं त्यांचं." मग वळली. "म्हणजे मी चांगली खेळत होते?"

मी म्हटलं, "त्या दिवशी तुझ्यासारखं कोणी खेळत नव्हतं. बाईंनी मला किती वेळा सांगितलं हे."

ती खाली बसली. रडली नाही. ज्वारी परत सुपात टाकली आणि बोटांनी पसरत राहिली. "सतरा वर्षं मी मॅडमना शिव्या घातल्या, मावशी. सणासुदीला, स्वैपाक करताना, कधीही. आता कोणाला घालू?"

"मला घाल."

"तुम्हाला काय घालायच्या? तुम्ही उलटं बोलणारसुद्धा नाही." तिनं मला चहा विचारला नाही. मीही थांबले नाही.

मला वाटलं, संपलं. बाईंचं नाव एका घरात तरी धुतलं गेलं, त्यापलीकडे माझ्या पदरात काही पडायला नको होतं. पण पुढच्या शनिवारी तिचा फोन आला. नंबर कुठून मिळवला कोणास ठाऊक. म्हणाली, "त्यांचं घर कुठंय? अजून आहे का तसं?" मी सांगितलं की त्यांचा भाचा महिनाअखेर खोल्या रिकाम्या करणार आहे, रविवारी तिथं असतो. म्हणाली, "उद्या जायचं. मला एकटीला सापडायचं नाही." माफ केलं असं काही बोलली नाही. मी विचारलंही नाही.

रविवारी वारज्याच्या स्टॉपवर ती साडी नेसून, हातात पिशवी घेऊन उभी होती. बसमध्ये खिडकीजवळ बसली. बाहेर बघत म्हणाली, "सांगा काहीतरी त्यांचं. मला कॉलेजातली दोन वर्षंच माहितीयेत." मी म्हटलं, काय सांगू. आणि स्कूटरींपासून सुरुवात केली. शिंप्यानं एकदा सहाचा नंबर उलटा शिवला आणि त्यावर बाई काय म्हणाल्या ते सांगितलं. चष्मा झाल्यावर त्यांनी पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे बघितलं आणि "इंदू, तू एवढी म्हातारी कधी झालीस?" म्हणाल्या ते सांगितलं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर भूल उतरताना त्या नर्सला बचाव कुठं उभा करायचा ते समजावत होत्या, ते. पावसाळ्यात कोर्टावरचं पाणी आम्ही जुन्या पोत्यांनी टिपायचो, ते. त्या एकट्या राहत होत्या आणि रात्रीच्या जेवणाला रोज पोळीऐवजी भाकरीच का करायच्या, तेही. मला कोणी थांबवलं नाही, म्हणून मी बोलत राहिले. मधेच आपला आवाज ऐकून मलाच दुसऱ्या कोणाचा वाटत होता. वैशाली एकदा हसली, एकदा तिनं पदर तोंडाला लावला. पुढच्या सीटवरचे आजोबा मान वळवून ऐकत होते, तरी मी थांबले नाही.

बऱ्याच वेळानं तिनं माझ्या हातावर हात ठेवला. "मावशी," ती म्हणाली, "आपला स्टॉप केव्हाच मागं गेला."